नऊ फुटांची काठी, एकच टेबल

दिग्रस
१८ फेब्रुवारी २००७

चि. पियुषराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सासऱ्याचं पत्र पाहून नवल वाटेल. वाटू द्या. फोन लावून लावून बोटं दुखली माझी. तुमच्या त्या कुल्लूच्या डोंगरात मोबाइलला रेंज नाही. ऑफिसात लावावा तर इंजिनियरसाहेब बोगद्यात. आणि तुम्ही इकडे लावला की सुरभी उठून परसात जाते, मग मी रिसीव्हर धरून "हो हो, थंडी कमी झाली" म्हणत बसतो. मी काय वेधशाळेत नोकरीला आहे? म्हणून लिहितो.

सरळ विचारतो. पोरगी दिवाळीला आली. तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली, परवा महाशिवरात्र झाली. तुम्ही न्यायला येत नाही, ती जायचं नाव घेत नाही. कारण विचारलं तर "काही नाही बाबा, नेट परीक्षेचा अभ्यास आहे." प्राध्यापक व्हायचं आहे, व्हावं. पण कुल्लूत पुस्तकं उघडत नाहीत काय? लग्नाला अजून दोन वर्षं नाही झाली. पोरगी परत नांदायला जाते की नाही, याशिवाय दुसरा विषय डोक्यात नाही.

तिच्या आईने खोदून खोदून एवढं काढलं की भांडण एका काठीवरून झालं. सुरभीच्या सामानात एक लांब नळकांडं होतं, ते तिने आल्या दिवशीच ट्रंकेमागे टाकलं. काल मी ते उघडलं. आत बारीक काळ्या नळीचे चार तुकडे, तारेच्या कड्या, कॉर्कची मूठ, धागे, बाटल्या आणि इंग्रजी पत्रक. मासे धरायची काठी, घरी बसून जोडायची. मूठ तुम्ही बसवलेली दिसते. एक कडी बांधली तीही तिरपी. बाकी सगळं तसंच. आता माझ्या ध्यानात आलं. अर्धवट काम घरात पडून राहिलं की बाईमाणसाचं डोकं फिरतं. हिचंही फिरतं.

तर मी ठरवलं आहे. १७ मेपासून अधिक महिना लागतो. लग्नानंतरचा तुमचा पहिला धोंडा. पहिल्या धोंड्याला जावयाने यायचंच असतं, त्यात सबब चालत नाही. मी ही काठी पुरी करून वाण म्हणून तुमच्या हातात देतो. तुमची काठी तुम्ही घ्या आणि सुरभीला घेऊन जा. भांडणाचं मूळच संपलं.

मला जमेल की नाही याची काळजी नको. तीस वर्षं खरेदी केंद्रावर कापसाची प्रत बोटांनी सांगितली आहे. यंदा केंद्र उघडलंच नाही. व्यापारी न पाहता माल उचलतात, भाव त्यांच्या मनाचा, ग्रेडरला कुणी विचारत नाही. मी सकाळी यार्डात जातो आणि चहा पिऊन परत येतो. हाताला काम पाहिजेच होतं.

उत्तर देवरावच्या जिनिंग मिलच्या पत्त्यावर टाका. देवराव माझा जुना दोस्त, तिथे मुनीम आहे. घरी टाकलं तर सुरभी पाहील.

आपला,
सदाशिवराव


कुल्लू
२ मार्च २००७

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र आजच मिळालं आणि लगेच लिहायला बसलो. बाबा, कृपा करून काठीला हात लावू नका. आपल्या हाताबद्दल मला शंका नाही. पण ही वस्तू फार नाजूक आहे आणि एकदा चुकली की चुकली.

आमच्या प्रकल्पावर एक स्कॉटिश सल्लागार होते. मायदेशी जाताना त्यांनी हा संच मला दिला. म्हणाले, पहिली काठी स्वतः बांध, मगच नदीवर ये. इथे बियासमध्ये ट्राउट नावाचा मासा आहे. त्याला गळाला पीठ लावून चालत नाही. पिसांची खोटी माशी करून ती पाण्यावर अलगद उतरवावी लागते. ती उतरते ती या काठीच्या लवचिकपणामुळे. म्हणून मी घाई केली नाही. लोकांना ते अर्धवट वाटलं असेल.

तरी आपण सुरुवात केलीच असेल तर निदान एवढं पाळा. चार तुकड्यांचे जोड चिकटवायचे नाहीत. ते नुसते एकात एक बसतात आणि काम झालं की सुटे करून नळकांड्यात जातात. कड्या संचातल्या नायलॉनच्या धाग्यानेच बांधायच्या. त्यावरचं वार्निश दोन बाटल्यांचं आहे. ते सुकेपर्यंत काठी सारखी हळूहळू फिरवत राहावी लागते, नाहीतर थेंब लोंबतात.

राहिलं सुरभीचं. ती मला न सांगता गेली. मी बोगद्यातून घरी आलो तर घर रिकामं आणि काठीही गायब. तिला मासेमारीत काडीचा रस नाही, मग काठी न्यायचं कारण काय? मी फोन केले, ती येत नाही. आता मीच का यावं, हे मला कुणी सांगावं. धोंड्याच्या वेळी रजा मिळेल असं वाटत नाही.

आईंना नमस्कार.

आपला,
पियुष


दिग्रस
१७ मार्च २००७

चि. पियुषराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र देवरावने काल आणून दिलं. इतके दिवस ते कुठे हवा खात होतं कोण जाणे. उघडलं तर पहिलंच, हात लावू नका. आता काय सांगू तुम्हाला? हात लावून झाला.

जोड चिकटवले. तिन्ही. हार्डवेअरच्या दुकानातून दोन नळ्यांचा डिंक आणला आणि असे बसवले की बैल लावले तरी सुटायचे नाहीत. चिकटवू नका असं पत्रकातही होतं. वाचलं मी. इंग्रजी येतं मला. पण पटलं नाही. जावयाला पहिल्या धोंड्याचं वाण सैल जोडाचं द्यायचं? म्हणजे ओला कापूस गाडीत भरून वजन वाढवणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

तो नायलॉनचा धागा फेकून दिला. जन्मभर कापसात गेलेल्या माणसाच्या घरी नायलॉन? यवतमाळला गेलतो, तिथून चांगलं लांब धाग्याचं सूत आणलं, दुहेरी पीळ देऊन कड्या बांधल्या. तुमची ती तिरपी कडी सोडून सरळ केली. वार्निश लावल्यावर सूत काळं पडलं, ते का ते कळलं नाही. पण घट्ट आहे. आणि पत्रकात नळीचा कणा, म्हणजे वाकवली की जी बाजू जास्त ताठ राहते ती, शोधायला सांगितला आहे ना, तो मी डोळे मिटून बोटांनी शोधला. तुम्ही शोधला होता तो चुकीचा होता. खूण पाहिली मी.

अडचण एकच, आता ती नऊ फूट झाली. घरात वळत नाही. आधी स्वयंपाकघरात नेली तर पंख्याला लागली. अंगणात ठेवली तर शेजारच्या मोतीबाईची बकरी कॉर्क खायला आली. शेवटी बैठकीतल्या टेबलावर आडवी टाकली, शेंडा खिडकीबाहेर. टेबलावर सुरभीची पुस्तकं होती, ती उचलून धान्याच्या कोठीवर ठेवली. ती आता पलंगावर बसून वाचते. समजूतदार आहे पोरगी, माझ्यावर गेली.

रजा मिळत नाही हे मला सांगू नका. मी सरकारी नोकरी केली आहे. रजा कशी मिळते आणि कशी मिळत नाही, दोन्ही मला ठाऊक आहे. तुम्ही या.

आपला,
सदाशिवराव

जावईबापू, मी विजयमाला. यायच्याच कागदावर दोन ओळी लिहून राह्यली. वार्निश लावलं तवापासून हे मले काठी फिरवत बसवतात. हळू फिरव म्हणतात, थेंब लोंबते म्हणतात. मी भाकरी टाकू का काठी फिरवू? एक हात सुकला की दुसरा देतात वार्निशचा. आन् सुरभी दिवसभर पलंगावर वाकून वाचते, तिची मान धरली. मी म्हटलं काठी उचला तिथून, तं म्हणतात धोंड्यापर्यंत दम धर. माह्यं कोण ऐकते? तुमीच सांगून पाहा, तुमचं ऐकतीन.


कुल्लू
३० मार्च २००७

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. थोरामोठ्यांना असं लिहू नये, पण बाबा, पत्रकात ठळक अक्षरात लिहिलेलं वाचूनही आपण जोड चिकटवले? पटलं नाही म्हणून? माझ्या बोगद्यातल्या कामगारांना उद्या सुरुंगाची सूचना पटली नाही तर मी काय करू?

नऊ फुटांची काठी बसमध्ये चढत नाही, रेल्वेत मावत नाही. दिग्रसहून कुल्लूला ती येणार कशी? आपण मला वाण देणार, ते मी घरी न्यायचं कसं?

निदान आता पुढचं बिघडू नये. जोडांवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं धरून पाहा, डिंक मऊ पडला तर पिळून सुटतील. जोर लावू नका, नळी तडकेल. सूत वार्निश पितं म्हणून काळं पडतं. नायलॉन पीत नाही. त्यासाठीच नायलॉन असतो, कापसाच्या अपमानासाठी नव्हे. आता सूत पिऊन तृप्त होईपर्यंत हात देत राहावे लागतील, इलाज नाही. आईंना सांगा, फिरवणं मात्र थांबवू नका. आणि टेबल अजिबात हलता कामा नये. काठी आहे तोवर त्या टेबलावर कुणाला बसू-लिहू देऊ नका. एक धक्का लागला की वार्निशला लाट येते आणि ती कायमची राहते.

कण्याबद्दल आपलं बरोबर असेल. तो मी घाईत शोधला होता.

धोंड्याचं अजून काही सांगू शकत नाही.

आपला,
पियुष


दिग्रस
१२ एप्रिल २००७

पियुष,

नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही.

सकाळी देवरावकाका आले. बाबा यार्डात गेले होते. काका म्हणाले, "पोरी, हे तुह्या बाबाचं कुल्लूचं पत्र. मी तिकडेच निघालो होतो, मंग म्हटलं देऊन द्याव." मला वाटलं तू मला लिहिलंस. वरचं नाव पाहिलं, तरी उघडलं. बापाचं पत्र उघडू नये, कळतं मला. मग बाबांच्या कपाटातून आधीचंही काढून वाचलं.

जोड, डिंक, सूत, नायलॉन, वार्निशला लाट येते. माझं नाव त्या पत्रात एकदाही नाही. आणि शेवटी काय, तर टेबलावर कुणाला बसू-लिहू देऊ नका. अरे, ते कुणी म्हणजे मी! या घरात त्या टेबलावर लिहिणारं दुसरं कोण आहे? मोतीबाईची बकरी?

आईने बाबांच्याच पत्राच्या कागदावर तुला लिहिलं होतं ना की सुरभीची मान धरली, तुम्ही सांगून पाहा? तिने मला नंतर सांगितलं. बिचारी रोज वाट पाहत होती, जावई काहीतरी म्हणतील आणि हे ऐकतील. आणि तू तिला काय कळवलंस, तर फिरवणं थांबवू नका. धन्य आहे तुझी.

तुम्हा दोघांना वाटतं मी काठीवर रुसले. बाबांना वाटतं काठी अर्धवट राहिली म्हणून, तुला वाटतं मला मासेमारी आवडत नाही म्हणून. कर ना काठ्या, शंभर कर! घरात टेबल एकच होतं पियुष. तू त्यावर तो पसारा मांडलास तेव्हा मी साध्या आवाजात सांगितलं, मला अभ्यासाला टेबल लागेल. तू म्हणालास, दोन दिवस थांब, धागा बांधतोय. परत सांगितलं. तू म्हणालास, वार्निश ओलं आहे. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तू मान वर न करता "हो" म्हणालास आणि कडी बांधत राहिलास. गेल्या जूनची परीक्षा मी पलंगावर पाय मुडपून अभ्यास करून दिली. थोडक्यात गेली. तू म्हणालास, पुढच्या वेळी होईल. दिवाळीपर्यंत ती काठी तिथेच होती.

ती का नेली विचारतोस ना बाबांना? मला विचारायचं होतंस. त्या दिवशी मी सगळं उचलून नळकांड्यात भरलं आणि रिकाम्या टेबलाशी जाऊन बसले. एक ओळ वाचता आली नाही. तू येशील आणि आधी काठी कुठे विचारशील, हेच डोक्यात. मग उठले, बॅग भरली, आणि रागारागात नळकांडंही घेतलं. आता इतक्या लांब बापाच्या घरी आले तर तीच काठी, इथल्या टेबलावर, आणि माझी पुस्तकं ज्वारीच्या कोठीवर! बाबांना वाटतं ते माझा संसार वाचवून राह्यले. हसू की रडू?

तू वाईट माणूस नाहीस. वाईट असतास तर भांडून मोकळी झाले असते. मला राग आहेच, पण त्याहून जास्त वाईट वाटतं. ज्या माणसाला बारीक कडी अर्ध्या केसाने तिरपी झालेली दिसते, त्याला समोर पलंगावर वाकून बसलेली बायको वर्षभर दिसत नाही, याचं मी काय करू?

धोंड्याला ये किंवा नको येऊ. २४ जूनला अमरावतीला माझी परीक्षा आहे. तोवर मी कुठेही येणार नाही. नंतर येईन की नाही, ते आज मला माहीत नाही.

सुरभी


कुल्लू
२४ एप्रिल २००७

सुरभी,

तुझं पत्र मिळालं. आधी मला फार राग आला. उत्तर लिहिलं, त्यात लिहिलं की तू एकदा तरी ओरडायचंस, मला बोगद्यात ड्रिलच्या आवाजात राहायची सवय आहे, साध्या आवाजातलं कानात शिरत नाही. मग ते फाडलं. स्वतःच्या घरात बायकोने ड्रिलसारखं ओरडावं, ही काय मागणी झाली?

तीनदा सांगितलंस म्हणतेस. मला दोनदाच आठवतं. दोनदा पुरे होतं.

आईंच्या त्या ओळी मी पुन्हा काढून वाचल्या. मान धरली असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. मी ते तेव्हाही वाचलं होतं, आणि वाचून त्यांनाच काठी फिरवायला लावली. माझं मलाच खरं वाटत नाही. लाज वाटते.

मी धोंड्याला येतो आहे. तुला न्यायला नाही. बाबांनी बोलावलं आहे म्हणून, आणि तुला पाहून सहा महिने झाले म्हणून. तुझ्या अभ्यासाच्या आड येणार नाही. कसं ते अजून मला सुचलेलं नाही, कारण जावई आला की मागून अख्खा मोहल्ला येतो.

पियुष


दिग्रस
९ मे २००७

चि. पियुषराव यांस,
अनेक आशीर्वाद.

काठी टेबलावरून उचलली, हे आधी कळवतो. नाहीतर तुम्हीही माझ्यावर ओरडाल. सगळे ओरडून झाले आहेत.

पोरीने तुमचं ते वार्निशच्या लाटेचं पत्र माझ्यासमोर धरलं आणि तोंडावर सांगितलं, "बाबा, तुमी दोघं सारखेच." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी काही बोलणार तर हिने काठी हातातून खाली ठेवली आणि म्हणाली, "आता तुमीच फिरवा." तीस वर्षांत अशी बोलली नव्हती. मी गुपचूप काठी उचलली आणि देवरावच्या जिनिंगमध्ये नेऊन भिंतीला टेकवली. रस्त्याने लोक विचारून राह्यले, "काहून जी, कोणत्या पार्टीचा झेंडा?" काय सांगू त्यांना?

गरम फडक्याने जोड सुटले नाहीत. मी लावलेला डिंक आहे तो.

आता थोडं खरं लिहितो, कारण समोर असता तर बोललो नसतो. मले भेव वाटत होतं. तुम्ही येत नव्हता, पोरगी बोलत नव्हती, आणि मी यार्डात जाऊन नुसता उभा राहून येत होतो. पहिले ज्या गाडीवर मी हात ठेवला नाही तिचा भाव निघत नसे. आता गाड्या समोरून जातात. ही काठी हातात आली तर वाटलं, एवढं एक काम नीट केलं की सारं जागेवर बसेल. आणि पोरीची पुस्तकं मीच कोठीवर नेऊन टाकली. मी उचलली, पियुषराव, या हातांनी. तिने माझ्याकडे पाहिलं होतं तेव्हा. मला ते दिसलंही होतं, आणि "पोरगी समजूतदार आहे" म्हणून मी मोकळा झालो.

पण तुम्हीही कमाल केली. इतक्या बारीक बारीक सूचना लिहिल्या मला, त्यात पुस्तकं उचलू नका एवढी एक घालता आली नाही? तुम्हाला तरी आधीचा अनुभव होता!

या. काठी वाण म्हणून देत नाही. अनारसे आहेत, धोंडे आहेत, चांदीचा दिवा आहे. त्यावर भागवा. सुरभी तुमच्यासोबत येईल की नाही, मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका असं माझं म्हणणं आहे, पण माझं म्हणणं सध्या कुणी ऐकत नाही.

आपला,
सदाशिवराव


दिग्रस
४ जुलै २००७

पियुष,

तुझं २५ तारखेचं पत्र काल आलं. त्याचं नंतर लिहिते. आधी धोंड्याच्या दिवसाचं, कारण एसटी स्टँडवर तू निघालास तेव्हा ते सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी आईने मला सांगितलं होतं, आज एक दिवस पुस्तक बंद कर, बायका येतील. मी नाही म्हटलं आणि बैठकीचं दार लोटून टेबलाशी बसले. मनात धाकधूक होतीच. आता लोक येणार, बैठक एकच, मला उठावंच लागणार. तर खिडकीतून मोतीबाईचा आवाज आला, "अरे बाप्पा! जावईबापू, इथं पायरीवर काहून बसले? सासूनं आत पाट नाही मांडला का?" आणि तुझा आवाज आला, "मांडतात हो, पण आत सुरभीचा अभ्यास चालू आहे. या ना, इथेच बसा. फक्त हळू बोला."

मी डोकावून पाहिलं. तू पायरीवर, खाली पोतं टाकून. दिग्रसच्या मे महिन्यात! डोक्यावर बाबांचा पंचा. धोंड्याचा जावई, ज्याला विष्णूच्या जागी मानून ओवाळायचं, तो दारात राखणदारासारखा बसलेला. मामी आली, तिला तू बाजूला बसवलंस. सोनारीण आली, तिने खदखदून हसायला सुरुवात केली तर तू तोंडावर बोट ठेवलंस! जावयाने गावच्या बायकांना गप्प बसवलं, असं दिग्रसात कधी झालं नसेल. आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. "लोकं काय म्हणतीन, जावयाले उंबऱ्याबाहेर ठेवलं." बाबांनी तिला दटावलं, "म्हणू दे. आण ते ताट इकडं." आणि तुला ओवाळलं तेही पायरीवरच. अनारशाचं ताट, दिवा, सगळं तिथेच मांडीवर घेतलंस. जेवायलाही परसातून वळसा घालून गेलास.

मला तू काही सांगितलं नाहीस. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा "झालं का?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं. झालं होतं. त्या दिवशी मी एक अख्खं प्रकरण संपवलं, आणि मग पुस्तकावर डोकं ठेवून खूप रडले. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं, आपण घरात आहोत हे तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तू आणि बाबा अरुणावतीच्या धरणावर गेलात, देवरावकाकांच्या स्कूटरमागे काठी उभी धरून, ते मी गच्चीवरून पाहिलं. मासा एकही मिळाला नाही हे मला बाबांनी सांगितलं. तू दोरी हवेत अशी फिरवत होतास की काठावरची माणसं लांब पळाली म्हणे. पण आता बाबा स्वतः रोज सकाळी जातात. खोटी माशी सोडली, कणकेचा गोळा लावतात. यार्डाचं नाव काढत नाहीत. परवा दोन चिलापी आणल्या, आईने नाकाला पदर लावला आणि मोतीबाईला देऊन टाकल्या. काठी सुटी होत नाही, घरात मावत नाही, कुल्लूला येत नाही, म्हणून आपसूक त्यांची झाली. तुला ती परत मिळायची नाही, मनाची तयारी ठेव.

आता तुझं पत्र. चार पानं. बियासला पूर आला, पाणी गढूळ आहे, या दिवसांत मासा दिसत नाही. बाबांचं सूत पाण्यात टिकलं का, कड्या ढिल्या झाल्या का, मूठ फुगली का. क्वार्टरचं छत गळत होतं, दुरुस्त झालं. टेबल रिकामं ठेवलं आहेस, त्यावर चहाचा कपसुद्धा ठेवत नाहीस. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. चांगलं वाटलं मला, खोटं का बोलू? बॅग काढून उन्हातही ठेवली.

पण माझ्या बाप्पा, चोवीस तारखेला माझी परीक्षा झाली. तू पंचविसाला पत्र लिहायला बसलास. चार पानं लिहिलीस. कड्यांची विचारपूस केलीस, मुठीची केलीस, आणि माझा पेपर कसा गेला हे एका ओळीत विचारलं नाहीस.

विचार आधी. मग मी तिकीट काढते.

सुरभी